दसऱ्याचा तोबरा

चोरीला गेलेले वेद खोल पाण्यातून परत आणण्यासाठी ज्या भगवंताने अश्वाचे मुख धारण केले, त्या श्रीहयग्रीवाला प्रथम वंदन असो. आज विजयादशमी. सकाळची पूजा झाली, आपट्याची पाने देऊन-घेऊन झाली, आणि पंचवटीतल्या माझ्या खोलीत मी कागद पुढे ओढून बसलो आहे. मागच्या दोन दसऱ्यांनाही असाच बसलो होतो. दोन्ही वेळा वर ‘श्री’ लिहून उठलो.

ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ते आता नाहीत. त्यांचे नाव लिहीत नाही. त्यांच्या घोडीचे नाव मात्र लिहितो, कारण घोडीचे नाव न सांगता माणसाविषयी बोलणे त्यांना असभ्य वाटे. घोडीचे नाव गंगी.

ते प्रथम माझ्याकडे आले ते एका पोथीसाठी. मी शाळेत संस्कृत आणि इंग्रजी शिकवून निवृत्त झालो होतो आणि एका देवस्थानातल्या जुन्या हस्तलिखितांची नक्कल करीत होतो. त्यांत अश्वचिकित्सेची काही पाने निघाली. ही बातमी दिंडोरी रस्त्यावरच्या त्यांच्या मळ्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे. एके दुपारी सहा फुटांचा, वाकलेल्या खांद्यांचा एक वृद्ध दारात उभा राहिला. दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ. अंगाला घोड्याचा वास.

“गुरुजी, तुमच्या पोथीत घोड्याचं काय लिहेल हे ते वाचून दाखवा.”

मी तासभर वाचले, अर्थ सांगितला. त्यांनी मांडी न बदलता ऐकले. शेवटी विचारले, “यात लिहिणाऱ्याच्या किती घोड्या मेल्या, ते लिहेल हे का?”

“नाही.”

“मग अर्धीच हे पोथी,” ते उठत म्हणाले. “पन चांगली हे. उरलेली अर्धी आपन लिहू.”

मी तेव्हा मनातून दुखावलो होतो. पुढे अनेक वर्षे मी त्या उरलेल्या अर्ध्या पोथीचा लेखनिक झालो.

त्यांच्या वडिलांचे नाशकात टांगे होते. टांगे गेले, रिक्षा आल्या. वडिलांनी घोडे विकले नाहीत आणि यांनीही नाही. दोन एकरांच्या मळ्यात ते घोडीला वखर जुंपून द्राक्षांच्या ओळींमधली जमीन मोकळी करीत. आसपासचे सगळे बागायतदार ट्रॅक्टर फिरवीत. यांचे म्हणणे असे की ट्रॅक्टरच्या चाकाखाली माती दबते आणि वेलीची मुळी गुदमरते. घोडीच्या चार खुरांना तेवढे वजनही नाही आणि तेवढा उर्मटपणाही नाही. लोक हसत. एकदा फ्रान्सचा एक पाहुणा द्राक्षे पाहायला दिंडोरीला आला होता. त्याने गाडीतून गंगीला वखर ओढताना पाहिले आणि गाडी थांबवून तो बांधावरून धावत आला. त्याच्या देशातही काही लोक द्राक्षाच्या ओळींत घोडा चालवतात, हे त्याने हातवाऱ्यांनी सांगितले. त्यानेच यांना मोबाइलवरच्या एका गटात घेतले. घोड्यावर शेती करणारी, निरनिराळ्या देशांतली तीस-चाळीस माणसे त्यात होती. एकमेकांना विचारायचे, एकमेकांना सांगायचे, इतकेच त्यांचे काम.

इंग्रजी यांना येत नव्हते. सुरुवातीला त्यांनी मोबाइलच्याच भाषांतरावर काम चालवले. पण ‘घोडी व्याली, दोघं सुखरूप’ याचे यंत्राने असे काही केले की पोलंडच्या एका बाईंनी शोकसंदेश पाठवला. तेव्हापासून दर गुरुवारी मी त्यांच्या ओट्यावर बसून पत्रे उतरवून घेऊ लागलो.

पत्राविषयी त्यांचा एक नियम होता, आणि तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. पहिले वाक्य स्वतःच्या चुकीचे.

“पत्राच्या आरंभी मंगल असावे,” मी म्हटले होते.

“मग वर श्री लिहा. खाली चूक लिहा. चूक आधी, मग हुशारी.”

“परदेशातल्या माणसांपुढे आपलीच लाज?”

“हुशारी कोनीबी सांगतं, गुरुजी. चुकीला घोडी लागती. माझी घोडी गेली, तर तिकडची तरी वाचू दे.”

फ्रान्सच्या पाहुण्याने घोड्याच्या मानेत घालायच्या भरीव गळपट्ट्याचे चित्र पाठवले होते. ओढीचा भार छातीच्या एका पट्टीवर न पडता दोन्ही खांद्यांवर पसरावा, ही त्यातली युक्ती. त्याला आम्ही पाठवलेले उत्तर माझ्या वहीत आहे. ‘माझी चूक: मी गळपट्टा सैल शिवला, घोडीच्या खांद्याला फोड आला, आठ दिवस ती उभी राहिली. हुशारी: आत भुशाऐवजी इगतपुरीकडच्या भाताचा पेंढा भरला, तो दबत नाही आणि घाम धरत नाही.’ पुढे त्या गटातली इतर माणसेही पत्राचा आरंभ चुकीने करू लागली. ही रीत आपल्या दिंडोरी रस्त्यावरून तिकडे गेली, याचा त्यांना गर्व असावा. पण तो त्यांनी कधी उच्चारला नाही.

एकदा त्यांनी लिहवले की उन्हातून तापून आलेल्या घोडीला पाणी दाखवताना ते पाण्यावर मूठभर भुस्सा टाकतात. घोडी फुंकर मारून भुस्सा बाजूला सारते, घोट घेते, पुन्हा फुंकते. अधाशासारखे पिऊन पोट धरत नाही, म्हणजे पोटशूळ होत नाही. ही युक्ती त्यांच्या वडिलांची. चार दिवसांनी पोलंडच्या बाईंचे उत्तर आले. त्यांचे आजोबा बादलीत वाळल्या गवताची पेंडी टाकीत, ते याचसाठी. मी वाचून दाखवले तेव्हा हा सहा फुटांचा माणूस ओट्यावरून उठला, तबेल्यात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. तबेल्यात ते चपला काढून जात. देवळात मात्र चपला काढायला विसरत आणि पुजाऱ्याच्या शिव्या खात.

दोन घड्याळांचे रहस्य हेच. डाव्या मनगटावर नाशिकची वेळ, उजव्या मनगटावर पोलंडची. बोलता बोलता ते उजवे घड्याळ पाहून म्हणत, “आता तिकडं तोबरे चढले असतील.” तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी. दिवाळीच्या सुमारास तिकडे घड्याळे एक तास मागे सारतात, हे कळले तेव्हा ते अस्वस्थ झाले. “मानसं सारतील घड्याळ. घोड्याला कोन सांगतं?” आणि तो प्रश्न खरोखरच पत्रात लिहवला. बाईंनी उत्तर दिले की कोणी सांगत नाही. आठवडाभर घोडे एक तास आधी खुरांनी दार खरवडतात.

त्यांना सगळे तात्या म्हणत, आणि त्यांच्या पत्नीला काकू. चहाचे कप ठेवताना त्या हमखास टोला देत. “गुरुजी, त्या पोलंडच्या बाईला एकदा चहाला बोलवाच. इथं मी ताप आला म्हनून झोपले तर कोनी घड्याळ नाय पाह्यलं.”

“तू घोडी हे का?” ते शांतपणे विचारीत.

“घोडी असते तर बरं झालं असतं,” काकू म्हणत, आणि हसत आत जात.

त्यांचा मुलगा अंबडला कारखान्यात होता. तो घोड्यांच्या वाटेला जात नसे. म्हणून त्यांना एकच ध्यास लागला होता: आपल्यामागे निदान चार बागायतदारांनी तरी ओळींमध्ये घोडा घालावा. नाही तर देशोदेशींची ही सगळी समजूत त्यांच्या ओट्यावर येऊन संपणार होती. दोन वर्षे ते बांधाबांधावर बोलले. शेवटी शेजारचे एक मोठे बागायतदार म्हणाले, “ठीक हे, तात्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो आम्ही पाच-सात जन. छाटनी झालेल्या बागेत चालवून दाखवा. पटलं तर पाहू. नाय पटलं तर हा विषय बंद.”

त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला. चिखलामुळे गंगी चार दिवस नुसती उभी होती. एरवी रोज काम करणारी घोडी उभी राहिली तर तिच्या दाण्याचे काय करावे, असे त्यांनी पोलंडला विचारले होते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाईंचे उत्तर आले. आरंभी चूक होती: तरुणपणी सणाच्या सुटीत त्यांनी आपल्या घोड्याला पोटभर दाणा चालू ठेवला, सुटी संपताच नांगराला जुंपले, आणि अर्ध्या तासात त्याचे मागचे पाय लाकडासारखे झाले. पुढे लिहिले होते: घोडा उभा असेल त्या दिवशी दाणा अर्ध्याहून कमी करा, गवत हवे तितके द्या, कामाला हळूहळू लावा. आणि पाय आखडलेच, तर त्याला एक पाऊलही चालवू नका. मी प्रत्येक शब्द भाषांतर करून सांगितला. त्यांनी दोनदा वाचून घेतला.

दसऱ्याला गंगीची पूजा मी करावी, असा तिथला रिवाज झाला होता. मी गेलो तेव्हा घोडी न्हालेली, गळ्यात झेंडूची माळ, खुरांना तेल. पुढे नैवेद्याचा तोबरा होता आणि त्याच्या तळाशी जेमतेम दोन मुठी हरभरा.

“हे काय?” मी विचारले.

“बाईंनी सांगितलं ना, गुरुजी. गवत घातलं हे पोटभर.”

इथे यावे लागणार म्हणून माझा कागद दोन वर्षे ‘श्री’पाशीच थांबत आला आहे.

मी म्हणालो, “आज विजयादशमी आहे. आज ही घोडी नाही, देवता आहे. देवतेच्या मुखी हात आखडून नैवेद्य ठेवू नये. ती त्यांच्या देशाची रीत, ही आपली.”

त्यांनी तोबरा उचलून हातात धरला. कोणाचेही न ऐकणारा हा माणूस. पण मी पूजेच्या आसनावर होतो, सोवळ्यात होतो, आणि माझ्या शब्दाला ते वेदवाक्य मानीत. काकूच म्हणाल्या, “गुरुजी, पन उद्या तिला काम हे.”

“एका दिवसाने काय होते?” मी म्हणालो.

त्यांनी तोबरा भरला. काठोकाठ. त्यावर मी गुळाचा खडा ठेवला आणि मंत्र म्हटला. नंतर पूजेला आलेल्या शेजारणींनी पुरणपोळ्या दिल्या, त्याही तिने खाल्ल्या. गंगीने खाता खाता माझ्या खांद्याला नाक घासले, आणि मला वाटले की देवता प्रसन्न झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात माणसे बांधावर उभी राहिली. गंगी पहिल्या ओळीत उतरली आणि मी आयुष्यात पाहिलेल्या सुंदर गोष्टींपैकी ती एक होती. वेलींच्या तारा दोन्ही बाजूंना, मधून ती, मागून वखर, आणि माती दुधाच्या सायीसारखी दुमडत होती. शेजारचे बागायतदार वाकले, माती मुठीत घेऊन दाबून पाहिली आणि म्हणाले, “मोकळी हे हां. लय मोकळी हे.”

तात्यांनी माझ्याकडे पाहिले. तो चेहरा मी विसरलेलो नाही.

चौथ्या ओळीच्या मध्यावर ती थांबली. घाम एकाएकी फुटला आणि पोटाखालून गळू लागला. मागचे पाय ताठ झाले. तिने लघवी केली, ती काळ्या चहाच्या रंगाची.

“पोट धरलंय! चालवा तिला, चालवा!” बांधावरून आवाज आले. दोघे लगाम धरायला ओळीत उतरले.

तात्या आडवे उभे राहिले. “एक पाऊल हलवायची नाय.”

“अहो, उभा घोडा मरतो, तात्या!”

“हात लावू नका तिला!” त्यांनी आपले उपरणे, मग सदरा काढून तिच्या मागच्या अंगावर घातला आणि मला म्हणाले, “गुरुजी, काकूला घोंगड्या आनायला सांगा.” त्या क्षणी त्यांच्या नजरेत दोषारोप नव्हता. मी काकूंकडे धावलो. वळताना मला पोलंडच्या बाईंची वाक्ये आठवत होती, आणि ती माझ्याच आवाजात आठवत होती.

नाशकाहून डॉक्टर आले. सलाइन लावली. गंगी त्याच ओळीत खाली बसली ती उठली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. बागायतदार केव्हाच निघून गेले होते. जाताना एकजण हळहळून म्हणाला, “म्हनून ट्रॅक्टर बरा, तात्या. बंद पडतो, पन मरत नाय.” विषय बंद झाला.

पुढच्या गुरुवारी त्यांनी मला बोलावले. पत्र लिहायचे होते. मी वर ‘श्री’ लिहिले.

“लिहा. माझी चूक: सनाच्या दिवशी म्या दाना पुरा घातला.”

माझा हात थांबला. “तात्या, चूक तुमची नाही. माझी आहे. तसे लिहितो.”

“नाय. तोबरा म्या भरला. ती माझी. माझ्या पत्रात माझी लिहा.” त्यांनी माझ्या हाताकडे बोट केले. “तुमची तुम्ही लिहा. तुमच्या पत्रात, तुमच्या हातानं. म्या तुमची लिहिली तर ती कागाळी व्हती.”

मी त्यांचे पत्र पाठवले. माझे लिहितो म्हणालो.

त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे मी गुरुवारी जात राहिलो. पत्रे कमी झाली, मग उरलीच नाहीत. तबेल्यात राहिलेल्या दोन म्हाताऱ्या घोड्या मुलाने दूर कोठे देऊन टाकल्या. रिकाम्या तबेल्यात ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आली. तात्या तरीही तिथे चपला काढून जात. मी निघालो की ते उजवे घड्याळ पाहत. “आता उठल्या असतील त्या. लिहिलं का, गुरुजी?”

“लिहितो.”

त्यांनी कधी आवाज चढवला नाही, कधी माझ्याकडे रोखून पाहिले नाही. तसे केले असते तर मला सोपे गेले असते. मी लिहायला बसे, आणि मनात युक्तिवाद सुरू होत. पूजेचा माणूस चुकला असे लिहिले तर पूजेला उणेपणा येईल. परधर्मीयांपुढे आपल्या सणाला बोल लागेल. इतकी वर्षे ज्या विद्येवर मी जगलो, तिचा मी असा ढालीसारखा उपयोग केला.

श्रावणात ते अंथरुणाला खिळले. शेवटच्या गुरुवारी मी शेजारी बसलो होतो. त्यांनी उजवा हात उचलून घड्याळ पाहिले आणि हात पुन्हा खाली ठेवला. विचारले काहीच नाही. त्या दिवशी त्यांनी माझी आशा सोडली, हे मला कळले.

त्याच वर्षी, तुळशीचे लग्न होऊन गेल्यावर, मी नाशकात एका लग्नाला गेलो होतो. सायंकाळी वरात निघाली. चातुर्मासात बांधून ठेवलेली, हंगामाआधी तकाकी यावी म्हणून भरपूर दाणा घातलेली पांढरी घोडी बॅंडपुढे नाचवली जात होती. मंडपाच्या अलीकडे ती थांबली. घाम पाहताच मी ओळखले. मी गर्दीतून पुढे घुसलो. “हलवू नका तिला! नवरदेवाला उतरवा, एक पाऊल चालवू नका!”

“गुरुजी, तुम्ही मुहूर्त सांभाळा,” कोणीतरी हसून म्हणाले. बॅंड थांबला नाही. तिला ओढत, ढकलत मंडपापर्यंत नेले. तिथे ती बसली.

दुसऱ्या दिवशी मी घोडीवाल्याचे घर शोधत गेलो. घोडी गेली होती. मी त्याला सारे सांगितले: उभे असतानाचा दाणा, आखडलेले पाय, न हलवणे. तो जमिनीवर बसून ऐकत होता. मग त्याने मान वर केली.

“तुम्हाला हे म्हाईत व्हतं?”

“होय.”

“मग आधी कामून नाय सांगितलं कोनाला?”

वेद चोरणाऱ्या दैत्यांनी ते जाळले नव्हते, फाडले नव्हते. खोल पाण्यात दडवून ठेवले, एवढाच त्यांचा अपराध. ही कथा मी जन्मभर सांगत आलो, आणि त्या कथेत मला नेहमी मी देवाच्या बाजूला उभा दिसलो.

पोलंडच्या बाईंचे वर्षभरात पत्र नाही. त्या गटात आता कोणी बोलत नाही. तात्यांच्या निधनाची मी कळवलेली ओळ तिथे सर्वांत खाली आहे. तरी याचे इंग्रजी करून मी उद्या पाठवणार आहे. कोणी वाचील असे वाटत नाही. आपल्या तालुक्यात आता वाचून उपयोग व्हावा असे घोडेही फारसे राहिलेले नाहीत. ज्या वेळी हे लिहायला हवे होते, ती वेळ दोन्ही घड्याळांवरून निघून गेली. तरी त्यांच्या रीतीने लिहितो.

श्री.

माझी चूक: काम न करणाऱ्या घोडीचा दाणा तिच्या धन्याने शहाणपणाने कमी केला होता. मी पूजेच्या आसनावरून तो भरायला लावला, आणि ती मेली. ही चूक मी दोन वर्षे लपवली, म्हणून आणखी एक मेली.

हुशारी माझ्याकडे नाही. ती तात्यांची आणि पोलंडच्या बाईंची, आणि ती वर लिहिलेली आहे.

वाचकहो, श्रीहयग्रीव तुमच्या घरावर कृपेची दृष्टी ठेवो. तुमच्या दारी जे मुके जनावर असेल, ते सणाच्या दुसऱ्या दिवशीही आपल्या पायांवर उभे राहो. तुमच्या लेकरांना विद्या मिळो, आणि ती दडवण्याची बुद्धी न मिळो. तुमच्या घरात जो आपली चूक प्रथम बोलेल, त्याच्यासाठी सर्वांत आधी पाट मांडला जावो. मला तो मांडलेला होता. मी उशिरा आलो.